चुकलं कोण, मावशी की आमचा प्रश्न?

आज परीक्षेबद्दल बोलायचं आहे. थांबा, रेडिओ बंद करू नका! ही परीक्षा तुम्हाला द्यायची नाही. ती आम्ही काढली होती, आणि तिच्यात आम्हीच चुकलो. कसे चुकलो आणि मग काय सुधारलं, तेवढंच सांगायला आज बसलो आहोत. तुमच्या गावात उद्या कोणी परीक्षा घ्यायला आलं, तर हे कामी पडेल.

आम्ही म्हणजे सहा जणी. तिघी अमरावती जिल्ह्यातल्या, तिघी अकोल्याच्या. सगळ्या बचत गटांचं समन्वयाचं काम करणाऱ्या. मूर्तिजापूर दोघींनाही मधात पडतं, म्हणून बैठक तिथं. तिकडून अकोल्याची गाडी, इकडून बडनेऱ्याची गाडी, आणि दर्यापूरवाली ताई एस.टी.नं.

गोष्ट सुरू झाली हिशेबापासून. आपली पंचसूत्री तुम्हाला तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब लेखन. पहिली चार कामं सगळ्या जणी करतात. पाचवं काम एकटीच्या डोक्यावर येतं. वह्या वाढल्या, गट वाढले, ग्रामसंघ झाले, आणि काही ठिकाणी जुने का होईना, संगणक आले. मग हिशेब संगणकावर घ्यायचं ठरलं.

पहिल्या वर्षी आम्ही काय केलं, तर वह्या उचलल्या आणि तालुक्याच्या एका टायपिंगच्या दुकानात दिल्या. त्यानं मराठीत छान तक्ते करून दिले. पेन ड्राइव्ह घेऊन आम्ही ग्रामसंघात आलो, फाइल उघडली, तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी! तो मराठी फॉन्ट दुकानातल्या संगणकावर होता, आमच्या नव्हता. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त वरून मराठीचा साज. फॉन्ट नसला की साज उतरतो. आपल्याच बचतीचा हिशेब आपल्यालाच वाचता येईना. दर वेळी वाचायला दुकानात जा, पैसे द्या. एक काकू म्हणाल्या, "आपली तिजोरी अन् किल्ली दुसऱ्याच्या घरी!"

त्यावर उपाय शोधताना आम्ही ओपन सोर्सपाशी आलो. मराठी लिहायला युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर आणि मोबाइलवर मराठीच दिसणारी पद्धत. अक्षरासाठी 'लोहित' किंवा मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' यांसारखे खुले फॉन्ट. आणि तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस, जे मराठीतूनही वापरता येतं. शिकवायला मुंबईच्या आय.आय.टी.चे स्पोकन ट्युटोरियल होते. दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठी आवाजात. एका बाजूला धडा चालू ठेवायचा, थांबवायचा, आणि दुसऱ्या बाजूला आपण तसंच करून पाहायचं. सहा शनिवार वर्ग चालला.

वर्ग संपल्यावर प्रश्न आला, ग्रामसंघाचा हिशेब संगणकावर लिहायला लिपिका कोणती नेमायची? कामाला मानधन आहे. वशिल्यानं नको, नात्यागोत्यानं नको. म्हणून परीक्षा. आपल्याकडे संगणकाची परीक्षा म्हटली की २००१ पासून एम.एस.सी.आय.टी. हेच नाव घरोघरी माहीत आहे. पण आम्हाला फक्त संगणक चालवणं तपासायचं नव्हतं. ओपन सोर्स म्हणजे काय, ते वापरताना हक्क कोणते, बंधनं कोणती, आणि धोका कुठं, एवढं समजलं की नाही, ते पाहायचं होतं.

आधी ते तुम्हालाही थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट समजेल.

समजा, बाजारातून काळ्या मसाल्याचं पाकीट आणलं. भाजीत टाकलं, चव आली. पण त्यात धने किती, मिरची कोणती, तीळ आहे की नाही, हे तुम्हाला माहीत नाही. तिखट जास्त झालं तर बदलता येत नाही. आता तेच शेजारच्या काकूंनी मसाला दिला आणि सोबत कृतीही लिहून दिली. आता तुम्ही तो करू शकता, तिखट कमी करू शकता, बहिणीला कृती देऊ शकता, विकूही शकता. सॉफ्टवेअरची ही कृती म्हणजे सोर्स कोड. ज्या सॉफ्टवेअरची कृती उघडी आहे, आणि वापरायची, समजून घ्यायची, बदलायची आणि वाटायची परवानगी कागदावर दिलेली आहे, ते ओपन सोर्स. त्या परवानगीच्या कागदाला लायसन्स म्हणतात. नुसती कृती दिसून भागत नाही, परवानगी लागते.

या परवानग्याही एकसारख्या नसतात. काही लायसन्स म्हणतात, घ्या, काहीही करा, फक्त आमचं नाव राहू द्या. काही लायसन्स विरजणासारखी असतात. शेजारणीकडून विरजण आणलं, दही लावलं. उद्या कोणी तुमच्याकडे विरजण मागायला आली, तर नाही म्हणायचं नाही. जी.पी.एल. नावाचं लायसन्स असंच आहे. १९८९ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ते लिहिलं. त्यात सांगितलंय की तुम्ही बदललेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं, तर त्याची कृतीही त्याला द्या, आणि त्यालाही हेच हक्क द्या. घरच्या घरी वापरलं, कोणाला दिलंच नाही, तर दाखवायची सक्ती नाही. हा बारकावा ध्यानात ठेवा, पुढं येणार आहे.

आणि ओपन सोर्स म्हणजे काही कोपऱ्यातली गोष्ट नाही. तुमच्या हातातल्या ॲन्ड्रॉइड मोबाइलच्या पोटात लिनक्स आहे. ते १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं सुरू केलं आणि जगभरच्या हजारो लोकांनी वाढवलं. पोरं पुस्तकावरचा क्यू.आर. कोड स्कॅन करून जे दीक्षा ॲप उघडतात, तेही सनबर्ड नावाच्या खुल्या सॉफ्टवेअरवर उभं आहे. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये सरकारी कामात ओपन सोर्सला पहिली पसंती देण्याचं धोरण काढलं. केरळात तर शाळांमध्ये मुलं मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकतात.

आता परीक्षेकडे येतो. आम्ही सहा जणींनी एका दुपारी बसून २५ प्रश्न काढले. प्रत्येकी चार-चार, आणि एक वरचा. काही चूक-बरोबरचे, काही चार पर्यायांचे. ६० टक्के पासची रेघ, म्हणजे १५ गुण. ६० का? तर असतंच म्हणून. छापले आणि घेतली परीक्षा. चोवीस जणी बसल्या.

निकाल लागला. सगळ्यांत वर एक बी.कॉम. झालेली पोरगी, २५ पैकी २२. आणि नापासांच्या यादीत आमच्या एक मावशी, १३ गुण. मैत्रिणींनो, या मावशी सातवी शिकलेल्या. नऊ वर्षं गटाची रोजकीर्द त्यांच्या हातची. एक पैसा इकडचा तिकडे नाही. वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न त्यांनीच विचारले होते. निकाल ऐकून त्या काही बोलल्या नाहीत. पिशवी उचलली आणि निघाल्या. पुढच्या बैठकीला आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा रोजकीर्द दुसरीनं लिहिली.

तेव्हा आम्हाला चैन पडेना. त्यांचा पेपर काढला. चुकलेले बारा प्रश्न एकेक करून पाहिले. त्यातले तीन वाचून आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

पहिला प्रश्न होता, "ओपन सोर्स सॉफ्टवेअर मोफत असते. चूक की बरोबर?" आमच्या उत्तरपत्रिकेत 'बरोबर'. मावशींनी लिहिलं 'चूक'. त्यांच्या घरी जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, "तुमीच सांगतलं होतं ना, का बसवून द्याचे, शिकवाचे पैसे घेता येतात? पापडाची कृती सगळ्याईले माहीत हाय, तरी आपन पापडाचे पैसे घेतोच ना?" आणि खरंच! ओपन सोर्स बहुतेक वेळा फुकट मिळतं, पण फुकट असणं ही त्याची अट नाही. पैसे घेऊन विकायलाही लायसन्सची मनाई नसते. हा घोटाळा जुना आहे. इंग्रजीत आधी 'फ्री सॉफ्टवेअर' म्हणत, आणि लोकांना वाटे फ्री म्हणजे फुकट. म्हणूनच १९९८ च्या फेब्रुवारीत क्रिस्टीन पीटरसन या बाईंनी 'ओपन सोर्स' हा नवा शब्द सुचवला. ज्या गैरसमजासाठी एका बाईनं नवा शब्द दिला, तोच गैरसमज आम्ही उत्तरपत्रिकेत बरोबर म्हणून लिहून बसलो.

दुसरा प्रश्न, "सॉफ्टवेअरमध्ये बदल केला की त्याचा सोर्स कोड सगळ्यांना द्यावाच लागतो." आमचं उत्तर 'बरोबर', मावशींचं 'चूक'. विरजणाचा बारकावा आठवतो ना? घरच्यापुरतं बदललं तर सक्ती नाही, आणि काही लायसन्समध्ये तर मुळातच नाही. मावशीच बरोबर होत्या.

तिसरा, "ॲन्ड्रॉइड ओपन सोर्स आहे." आमचं उत्तर 'बरोबर'. मावशींनी 'चूक' लिहून बाजूला लिहिलं, "अर्धं." ॲन्ड्रॉइडचा पाया खुला आहे, पण मोबाइलसोबत आलेली कितीतरी ॲप बंद असतात. त्यामुळे 'अर्धं' हेच खरं उत्तर. चूक-बरोबरच्या प्रश्नात ते बसतच नाही, म्हणजे प्रश्नच फसवा.

आम्ही मावशींना म्हटलं, चुकलं आमचं, नवीन पेपर काढतो, तुम्ही पुन्हा बसा. त्यांनी डोळे मोठे केले. म्हणाल्या, "चूक तुमची, अन् परीक्षा दुसऱ्यांदा मी कायले देऊ व बाई?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतं. मग आम्ही तेच केलं जे हिशेबात चूक सापडल्यावर करतो. खाडाखोड नाही, लपवाछपवी नाही, बैठकीत उघड सांगायचं आणि दुरुस्ती लिहायची. चोवीसही पेपर पुन्हा तपासले. दोन प्रश्नांचं उत्तर बदललं, तिसरा सगळ्यांसाठी रद्द केला. राहिले २४ प्रश्न. मावशींचे १५ झाले. पासची रेघ ६० टक्क्यांनी १४.४, म्हणजे १५ लागत होते. त्या पास झाल्या. पहिली आलेली पोरगी २२ वरून १९ वर आली, पण पासच राहिली. दोघी जणी मात्र पासच्या रेघेखाली गेल्या. त्यांचं काय करायचं? खूप बोलणं झालं. ठरलं की आमच्या चुकीची किंमत त्यांनी भरायची नाही. एकदा पास म्हटलं, ते पास.

मग तुम्ही म्हणाल, गोष्ट संपली. नाही. पुढं आणखी एक प्रकार झाला. त्या हुशार पोरीनं कामाला सुरुवात केली आणि आठच दिवसांत मैत्रिणीकडून पेन ड्राइव्हवर एका कंपनीचं विकतचं सॉफ्टवेअर आणलं, कुलूप तोडलेलं, आणि ग्रामसंघाच्या संगणकावर बसवलं. सोबत व्हायरस आला. बरं, तिला 'पायरेटेड' शब्दाची व्याख्या पेपरात बरोबर लिहिता आली होती! पण फुकट मिळालं म्हणजे ओपनच, असं तिला वाटलं. आम्ही तिच्यावर रागावलो नाही. आम्ही व्याख्या विचारली होती, तिनं व्याख्या दिली. काम विचारलंच नव्हतं. उलट तिनंच आम्हाला आणखी एक गुपित सांगितलं. म्हणाली, "ताई, तुमच्या पेपरात जे उत्तर सगळ्यांत लांब, तेच बरोबर असतं. मी न वाचताच खूण केली." मोजून पाहिलं. चार पर्यायांच्या १७ प्रश्नांपैकी ११ मध्ये खरंच तसं होतं.

मैत्रिणींनो, एका परीक्षेनं येणारीला नापास केलं आणि न येणारीला पास केलं. अशी परीक्षा वशिल्यापेक्षा बरी कशी म्हणायची? वशिला निदान दिसतो तरी. परीक्षेचा निकाल मात्र सगळे खरा मानतात, आणि जी नापास झाली तीही स्वतःलाच दोष देत घरी जाते.

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो. या वेळी मावशी आमच्यासोबत. काय काय केलं, ते सांगतो.

एक. आधी प्रश्न नाही, आधी काम लिहिलं. पास झालेली बाई उद्या सकाळी काय करू शकली पाहिजे? आमच्या यादीत पाच गोष्टी आल्या. सॉफ्टवेअर आणि त्याची कृती यातला फरक सांगणं. लायसन्स पाहून काय चालतं, काय नाही ते ओळखणं. फुकट, मुक्त आणि चोरीचं यातला फरक करणं. हिशेबाची गुप्तता आणि दुसरी प्रत सांभाळणं. आणि अडलं तर मदत कशी मागायची, चूक सापडली तर कशी कळवायची. मग पंचवीस प्रश्न या पाचांत वाटले: ५, ७, ५, ५ आणि ३. पहिल्या पेपरात आम्ही १४ प्रश्न एकट्या लायसन्सवर काढून बसलो होतो, आणि गुप्ततेवर एकही नव्हता! जगात या विषयाच्या परीक्षा आहेत. लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट नावाची संस्था 'ओपन सोर्स इसेन्शियल्स' नावाची सुरुवातीची परीक्षा घेते, ६० मिनिटांत ४० प्रश्न. तिथंही आधी विषय आणि त्यांचं वजन जाहीर असतं. आपल्या सवयीचंच आहे हे. पंगतीला किती माणसं हे ठरल्याशिवाय आपण डाळ शिजत घालत नाही.

दोन. प्रश्नाचे चुकीचे पर्याय मनानं रचले नाहीत, गावातून गोळा केले. शेवगाच्या पाराखाली, वेचणीवर, दळणाच्या गिरणीत बायकांना विचारलं, ओपन सोर्स म्हटलं की काय वाटतं? एक म्हणाली, "मंग आपला हिशेब साऱ्या गावाले दिसन?" कितीजणींच्या मनात ही भीती होती, आणि आम्हाला सुचलीही नव्हती. तोच प्रश्न झाला. गटाच्या संगणकावर बसवलेल्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये कर्जाचा हिशेब भरला, तर तो कोणाला दिसेल? उत्तर असं की ज्यांना तो संगणक किंवा ती फाइल उघडायची मुभा आहे, त्यांनाच. खुली असते ती कृती. आपला डबा खुला नसतो. कुलूप कसं बनतं हे लोहाराला, दुकानदाराला सगळ्यांना माहीत असतं, म्हणून आपलं कुलूप उघडत नाही. किल्ली आपल्याजवळ असते. ती किल्ली म्हणजे पासवर्ड.

तीन. भाषा. "खालीलपैकी कोणते विधान योग्य नाही असे म्हणता येणार नाही" असले उलटसुलट प्रश्न काढून टाकले. एका प्रश्नात एकच गोष्ट. साल-तारखा विचारायच्या नाहीत, त्या गोष्ट सांगायला छान, कामाला नाही. सगळे पर्याय सारख्या लांबीचे. अक्षर मोठं. आणि जिला वाचायला वेळ लागतो तिला प्रश्न वाचून दाखवायचा, कारण परीक्षा वाचनाच्या वेगाची नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना त्यांच्याच बोलीत साधेसाधे प्रश्न विचारत, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. प्रश्न अवघड केल्यानं विचारणारा मोठा होत नाही, हे आम्ही त्यांच्यापासून घ्यायला हवं होतं.

चार. खऱ्या परीक्षेआधी चाचणी. दोन गावांत पेपर घेतला, निकाल लावला नाही. मग जास्त गुणवाल्या आठ आणि कमी गुणवाल्या आठ जणींचे पेपर समोरासमोर ठेवले. ज्या प्रश्नात हुशार आठांपैकी तिघींचंच बरोबर, आणि कच्च्या आठांपैकी सहा जणींचं बरोबर, तो प्रश्न संशयित. बहुतेक वेळा दोष बाईत नसतो, प्रश्नात असतो. असे चार प्रश्न सापडले, बदलले.

पाच. पासची रेघ. ६० असतंच म्हणून ६०, हे बंद. हिशेबात मुरलेल्या दहा जणी बोलावल्या. प्रत्येक प्रश्नावर त्यांना विचारलं, जेमतेम काम निभावू शकेल अशा दहा बाया डोळ्यांसमोर आणा, त्यातल्या कितीजणींना हे येईल? कोणी आठ म्हणाली, कोणी पाच. सरासरी काढली, पंचवीस प्रश्नांची बेरीज केली, दहानं भागलं. आलं १६.८, म्हणजे १७. ही रीत आमची नाही, अँगॉफ नावाच्या अभ्यासकानं १९७१ मध्ये मांडलेली, मोठमोठ्या परीक्षांत वापरतात. आम्हाला आवडलं ते एवढंच की आता कोणी विचारलं, १७ का, तर उत्तर देता येतं.

सहा. हाताचं काम. लेखी झाल्यावर तीन कामं करून दाखवायची. लिब्रेऑफिसमध्ये दहा सभासदांच्या बचतीचा तक्ता करून बेरीज लावायची. मदतीच्या यादीत जाऊन त्या सॉफ्टवेअरचं लायसन्स शोधून दाखवायचं. आणि फाइलची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची. हे तिन्ही आल्याशिवाय पास नाही, मग लेखीत पंचवीस पडोत.

शेवटी एका गोष्टीवर आमच्यात मोठा वाद झाला. प्रश्न गुप्त ठेवायचे की उघडे? अर्ध्या जणी म्हणाल्या, पेपर फुटला तर परीक्षा कसली? बाकीच्या म्हणाल्या, खुलेपणाची परीक्षा आणि प्रश्न तिजोरीत? वाद मावशींनी मिटवला. म्हणाल्या, "पंचवीस सांगतले तर पाठ करतीन. सव्वाशे सांगा, मंग पाठ करू द्या. सव्वाशे समजले, तं इषय समजलाच ना?" तसंच केलं. सव्वाशे प्रश्न सगळ्यांना आधीच वाटले. परीक्षेला त्यातले पंचवीस, पण रकमा आणि प्रसंग बदलून, पर्यायांची जागा बदलून. आणि हाताची कामं तर पाठ होतच नाहीत. या सव्वाशे प्रश्नांवर आम्ही खुलं लायसन्सही लावलंय, विरजणासारखं. कोणत्याही गटानं घ्यावेत, आपल्या बोलीत बदलावेत, फक्त बदललेले प्रश्नही तसेच इतरांना खुले ठेवावेत. वाशीमच्या गटांनी घेतले आणि आमच्या दोन चुका काढून पाठवल्या. चांगलं वाटलं.

हेच तर खुलेपणाचं बळ आहे. तुम्ही जे लिब्रेऑफिस वापराल, तेही असंच जन्मलं. आधी ओपनऑफिस होतं. त्याची मालकी एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेली, काम करणाऱ्यांना पुढची खात्री वाटेना. तेव्हा २०१० मध्ये त्यांनी चूल वेगळी केली. कृती उघडी होती, परवानगी कागदावर होती, म्हणून वेगळं होता आलं. कृती बंद असती, तर मालक म्हणेल ती पूर्व दिशा. आमच्या त्या टायपिंगच्या फाइलींसारखं.

मावशी आता काय करतात? परीक्षेला पुन्हा बसल्या नाहीत, बसायची गरजही नव्हती. त्या संगणकावर हिशेब लिहितात, आणि वही अजून सोडली नाही. म्हणतात, "लाइट गेली तं?" संगणक शिकवायला त्या बी.कॉम.वाल्या पोरीला शेजारी बसवतात, आणि रोजकीर्द कशी मांडायची ते तिला शिकवतात. नवा प्रश्न आला की आम्ही आधी त्यांना दाखवतो. त्या वाचतात, चष्मा वर करतात, आणि बहुतेक वेळा म्हणतात, "हे इचारून कोनतं काम होनार हाय?" अशानं आमचे निम्मे प्रश्न गळतात.

तर मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा. आपला हिशेब ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते उद्या बंद पडलं तर फाइल दुसरीकडे उघडेल का? ते आलं कुठून, विकत, खुलं, की कोणाच्या पेन ड्राइव्हवरून? आणि फाइलीची दुसरी प्रत कोणाजवळ आहे? उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवा. आणि कोणी तुमची परीक्षा घेतली आणि निकाल पटला नाही, तर गप्प घरी जाऊ नका. आपला पेपर पाहायला मागा. एखाद वेळेस चूक प्रश्नाची असते.